अण्णांच्या खुर्चीत

७ जानेवारी, मंगळवार

बऱ्याच दिवसांनी काम आलं. गाणं एकच, आम्ही व्हायोलिनवाले चौघं, आणि अरेंजरला हवा होता वीस जणांचा भरणा. म्हणजे नेहमीचंच. सगळं एकदा वाजवायचं, मग उठून प्रत्येकाने शेजारच्या खुर्चीत सरकायचं, तेच पुन्हा वाजवायचं, पुन्हा सरकायचं. जागा बदलली की माइकपर्यंत पोचणारा आवाज जरा बदलतो. रेकॉर्डिस्ट हे थर एकावर एक चढवतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा मोठा ताफा बसलाय. आज पाच फेऱ्या झाल्या. अण्णा दर वेळी गुडघा धरून उठायचे. शेवटच्या फेरीला म्हणाले, "संगीत खुर्चीत निदान एकेक खुर्ची काढून तरी घेतात. इथे मेलं सुटकाच नाही."

अण्णा आमच्यात सगळ्यात मोठे. एकाच स्टँडवर एकच कागद ठेवून मी त्यांच्या शेजारी बसतो त्याला बावीस वर्षं झाली. माझे केस पिकले तरी ते मला धाकट्या म्हणतात. पुढच्या स्टँडवर टाचणी आणि घाईराव. टाचणीचा सूर बारीक आणि नेमका टोचणारा, म्हणून टाचणी. घाईराव तालाच्या अर्धं पाऊल पुढे, रस्त्यानेही आणि वाजवतानाही. अण्णा उलट, केसभर मागून येणार. घाईराव म्हणतो की अण्णा घरून वेळेवर निघतात, फक्त सुरात पोचायला उशीर होतो.

अण्णांनी फार पूर्वी घालून दिलेला नियम आहे: फोन एकाला आला तरी काम चौघांचं. ज्याला निरोप येईल त्याने बाकीच्यांना कळवायचं, मगच हो म्हणायचं. आमच्या धंद्यात नाव छापून येत नाही. गाणं वर्षानुवर्षं वाजत राहिलं तरी आम्हाला मिळतं ते त्या एका दिवसाचं. हा नियम एवढीच आमची बांधलेली पेन्शन, असं अण्णा म्हणतात.

निघताना अरेंजरने मला जिन्यात थांबवलं. परवा एकटाच ये म्हणाला. बजेट नाही, एकाच माणसाकडून सगळ्या फेऱ्या करून बघायच्या आहेत. "आणि बाकीच्यांना उगीच सांगत बसू नकोस."

मी हो म्हटलं. कुणालाही न कळवता.

९ जानेवारी, गुरुवार

गेलो. पैशासाठी गेलो असं लिहिलं तर सोपं जाईल, आणि ते खोटंही नाही. पण चौघांतून मला निवडलं याचं बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं. कपडे करताना शीळ घालत होतो.

हॉलमध्ये चार खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. मी एकेका खुर्चीत बसून फेऱ्या केल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने ऐकून तोंड वाकडं केलं. म्हणाला, एकाच माणसाने दहा वेळा सही केल्यासारखं वाटतंय, भरणा येत नाही, आवाज नुसता सुजलाय. अरेंजरनेही ऐकलं. म्हणाला, जाऊ दे, उद्या चौघांनाच बोलावू.

तिथेच संपलं असतं.

पण मग दुसऱ्या पद्धतीने करून बघायचं ठरलं. मला वाटतं रेकॉर्डिस्टनेच काहीतरी सुचवलं. मी अण्णांच्या खुर्चीत बसलो, आधी वाजवलेला माझाच ट्रॅक हेडफोनमध्ये घेतला आणि त्याच्या मागून केसभर उशिरा आलो. कंप रुंद ठेवला. वरच्या सुरावर जाताना अण्णांचं तिसरं बोट किंचित घसरत जातं, ते घसरणंही घेतलं. रेकॉर्डिस्ट आत बसून हसायला लागला. "अरे, अण्णा आले." मग टाचणीच्या खुर्चीत बसून गज घोडीजवळ, तारा जिथे टेकतात तिथे, धरला. मग घाईरावाच्या खुर्चीत बसून तालाला ढकलत राहिलो. आणि भरणा आला. खरोखर आला.

अरेंजरने पाठ थोपटली. मला माझ्या नेहमीच्या दुप्पट दिलं. म्हणजे चौघांच्या निम्मं, हे घरी येताना बसमध्ये लक्षात आलं.

१० जानेवारी, शुक्रवार

बायको चष्म्याच्या दुकानात बिलं करते, संध्याकाळी सातला येते. आज जेवताना विचारत होती की कालचं काम कसं झालं, सगळे होते का. म्हटलं, होते. अण्णांचा गुडघा कसा आहे? म्हटलं, तसाच, उठता बसता कण्हतात. ती म्हणाली, काल दुपारी अण्णा चष्म्याची काडी बसवून घ्यायला दुकानात आले होते, तासभर गप्पा मारत बसले. मी म्हटलं, कामावरून परत जाताना आले असतील. ती म्हणाली, असतील. आणि भाजी वाढली.

थोडक्यात निभावलं.

२२ जानेवारी, बुधवार

या पंधरवड्यात तीनदा बोलावलं. एकटा. आता रेकॉर्डिस्ट सरळ म्हणतो, आधी तुम्ही या, मग अण्णांना पाठवा, मग टाचणीबाईंना. आम्ही दोघं हसतो. हसताना मजा वाटते आणि जिन्यात आल्यावर वाटत नाही.

अण्णा सगळ्यात अवघड आहेत. घाईरावाची नक्कल कुणीही करील, नुसतं पुढे पळायचं. टाचणीचीही जमते. अण्णांचं उशिरा येणं दर वेळी सारखं नसतं. कधी जास्त, कधी नसतंच. त्यामागे काय हिशेब आहे ते मला कळत नाही, म्हणून मी अंदाजाने येतो. आज दुपारी घरी खिडक्या लावून तेवढंच घासत होतो. तिसरं बोट, घसरणं, मागून येणं.

दार उघडून मुलगी आत आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे दोन कप. खोलीभर बघितलं आणि म्हणाली, "अण्णाकाका कुठायत?"

मी म्हटलं, आत्ताच गेले.

तिने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीतच बसून अभ्यास करत होती ती. ट्रे ठेवून गेली. मी दोन्ही कप प्यायलो. दुसरा गार झाला होता तरी प्यायलो.

२ फेब्रुवारी, रविवार

टाचणीचा फोन. तुला कुठून काही निरोप आहे का? म्हटलं, नाही ग, सगळीकडे शुकशुकाट आहे. तिने एका शाळेत लहान पोरांना शिकवायला सुरुवात केली आहे. म्हणाली, तीस पोरं एकदम गज ओढतात तेव्हा दाराची तीस बिजागरं एकदम कुरकुरतात. मी मोठ्यांदा हसलो, गरजेपेक्षा जास्त. फोन ठेवताना ती म्हणाली की मला काही कळलं तर तुम्हाला सांगीनच. तुम्हाला म्हणजे मलाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज चौघं भेटलो. काम नसलं तरी महिन्यातून एकदा स्टुडिओसमोरच्या चहावाल्याकडे बसायची पद्धत आहे. घाईरावाची खात्रीच झाली आहे की आता सगळं कॉम्प्युटर वाजवतो. टाचणी म्हणाली, कॉम्प्युटर असता तर इतकं जिवंत वाजलं नसतं, मी ती नवी गाणी ऐकली आहेत, माणसंच आहेत. कुठून तरी स्वस्तातली माणसं आणली असतील. मी चहाच्या कपाकडे बघत होतो.

मग अण्णा म्हणाले, परवा न्हाव्याकडे बसलो होतो, तोंडाला साबण लावलेला, आणि रेडिओवर एक गाणं लागलं. सुरुवातीला नुसती व्हायोलिनं आहेत. त्यात मी आहे.

गाणं कुठलं ते त्यांनी गुणगुणून दाखवलं. मी एकट्याने केलेलं, पहिलंच. रेकॉर्डिस्टला ते घसरणं इतकं आवडलं होतं की त्याने तो ट्रॅक जरा वर ठेवला होता.

घाईराव म्हणाला, अण्णा, हे आपण केलेलं नाही. टाचणीही म्हणाली, नाही अण्णा. अण्णा शांतपणे म्हणाले, "मला माझं बोट ओळखता येत नाही होय? ते मीच वाजवलंय. कधी वाजवलं ते मात्र आठवत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू होतास ना रे शेजारी?"

मी म्हटलं, अण्णा, एवढी गाणी होतात, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार.

अण्णांनी मान हलवली. ते लघवीला गेले तेव्हा टाचणी हळू आवाजात म्हणाली की मागच्या महिन्यात ते पिशवी विसरले होते, त्याआधी एकदा तारीखही चुकले होते. त्यांच्या मुलाच्या कानावर घालायला हवं. घाईरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं माझ्याकडे बघत होती.

मी मान डोलावली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणीने अण्णांच्या मुलाला फोन केला. तिने आपल्या मायेपोटी केला. मला वाटतं, तपासून घेतलेलं बरंच. या वयात काही ना काही निघतंच. त्या गाण्याचं निमित्त झालं, इतकंच.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही. माणूस काय काय लिहू शकतो ते राहू दे समोर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांच्या मुलाचा फोन. तो विमा कंपनीत आहे, सरळ स्वभावाचा, मला काका म्हणतो. म्हणाला, बाबा एकाच गोष्टीवर अडून बसलेत. डॉक्टरांनी विचारलं, न केलेली गोष्ट केल्यासारखी वाटते का कधी? तर बाबांनी त्यांना ते गाणं म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "काका, तुम्हीच सांगा, बाबा होते का त्या रेकॉर्डिंगला? तुम्ही सांगितलेलं मी धरीन."

हो म्हटलं असतं तर अण्णा सुटले असते. पण मग टाचणी आणि घाईराव मला विचारायला आले असते. नाही हे खरं होतं, आणि त्या एका खऱ्या शब्दाने अण्णा वेड्यांत जमा झाले असते.

मी म्हटलं, मला नक्की आठवत नाही.

तो म्हणाला, असू दे काका, तुम्हालाही वाईट वाटतंय हे मला कळतं. वर मलाच धीर दिला त्याने.

२ मार्च, रविवार

अण्णांकडे गेलो. इतके दिवस गेलो नव्हतो. व्हायोलिनची पेटी नेहमीच्या कोपऱ्यात दिसली नाही. अण्णा म्हणाले, कपाटावर ठेवली आहे, माझा हात पुरणार नाही अशा बेताने. डॉक्टर म्हणाले, काही दिवस त्या विषयापासून लांब ठेवा. एकट्याने बाहेरही जायचं नाही, नातू सोबत असतो. ज्याला आपण रस्ता ओलांडायला शिकवलं तो आता आपल्याला ओलांडून देतो, म्हणाले, आणि हसले. मग हसणं थांबलं.

त्यांनी सांगितलं की डॉक्टरने घड्याळ काढायला लावलं, काटे दाखवायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. "सगळं बरोबर येतं रे धाकट्या. फक्त कानच चुकतो म्हणतात. आता कान चुकला तर माझ्याकडे राहिलं काय?"

मग त्यांनी मला एक विचारलं. ते गाणं पुन्हा ऐकलंस का? मी नाही म्हटलं. म्हणाले, ऐक. मी आहे त्यात, पण जरा जास्तच आहे. मी इतका नसतो.

भ्रमात माणूस असं काहीबाही बोलतो. काय म्हणायचं होतं त्यांना, मी विचार केला नाही. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मी काहीतरी सांगेन म्हणून थांबल्यासारखे. मी म्हटलं, येतो अण्णा.

५ मार्च, बुधवार

आज पुन्हा काम होतं. गेलो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, अण्णा जरा जास्त द्या, लोकांना आवडतंय. अण्णांच्या खुर्चीत बसलो आणि दिले. चांगले दिले.

यापुढे लिहायला काही नाही.

८ मार्च, शनिवार

अण्णांच्या मुलाचा पुन्हा फोन. अण्णांनी स्वतःच सांगितलंय, व्हायोलिन विकून टाका, पडून राहिलं की वाद्य मरतं. एक गिऱ्हाईक उद्या संध्याकाळी बघायला येणार आहे. काका, तुम्ही जरा आधी येऊन वाद्य बघाल का? तारा लावून, वाजवून. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, आणि तुमच्याइतकं त्या वाद्याच्या जवळ दुसरं कोण आहे?

९ मार्च, रविवार

सकाळीच गेलो. मुलाने स्टुलावर चढून पेटी खाली काढली. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी तारा लावल्या, गजाला राळ लावली. मुलगा म्हणाला, वाजवा ना काहीतरी.

व्हायोलिन खांद्याला लावलं. हनुवटीखालचं लाकूड अण्णांच्या दाढीने झिजून गुळगुळीत झालंय, तिथे माझी हनुवटी बसली. हात वर उचलला आणि तो वाजवायला तयार होईना. कुणासारखं वाजवायचं तेच समजेना.

मी वाद्य खाली ठेवलं आणि मुलाला सांगितलं. ते गाणं मी वाजवलंय. सगळ्या खुर्च्या मीच वाजवल्या. अण्णांच्या खुर्चीत अण्णांसारखं वाजवलं. त्यांचा कान चुकलेला नाही.

मुलाला आधी कळेचना. म्हणाला, म्हणजे तुम्ही बाबांची नक्कल केली? म्हटलं, हो. मग बाबांना जे ऐकू आलं ते? म्हटलं, ते बरोबर ऐकू आलं. जगात ते ओळखू शकणारा एकच माणूस होता आणि त्याने ओळखलं.

अण्णा भिंतीकडून वळले. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला असं वाजवायला सांगितलं कुणी?"

म्हटलं, कुणी नाही. ते तुम्हा सगळ्यांना बोलवायला निघाले होते. मीच थांबवलं.

मला वाटलं आता शिव्या बसतील. मी तयारीत होतो. अण्णा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, रडतात की काय. त्यांनी आतल्या खोलीकडे हाक दिली. "सूनबाई, बाहेर ये. ऐक हे. माझं डोकं शाबूत आहे. हा चोर आहे."

आणि घरात आनंदीआनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. सून पदराला हात पुसत आली, तिला दोनदा सांगावं लागलं, मग तिने देवाला हात जोडले. नातू टाळ्या पिटायला लागला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मुलगा पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" सुनेने सगळ्यांना चहा केला, मला पहिला दिला. मी तो घेतला. त्या खोलीत मी एकटाच होतो ज्याला तोंड लपवायला जागा हवी होती, आणि मलाच मधल्या खुर्चीत बसवलं होतं.

अण्णांना दम निघेना. त्यांनी तिथूनच घाईरावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, एखाद्या बारशाचं आमंत्रण द्यावं तसं. मग घाईराव जे सुटला ते अण्णांना फोन कानापासून लांब धरावा लागला. सूनबाई नातवाला घेऊन आत गेली. मला ते ऐकून थोडं हलकं वाटलं. मग टाचणीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं, अण्णांची तब्येत विचारली, म्हणाली, मी तुमच्या मुलाला फोन केला त्याबद्दल माफ करा. माझ्याबद्दल काही बोलली नाही. मी जवळच बसलोय हे तिला सांगितलं होतं तरी नाही.

संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. मी निघालो तेव्हा अण्णा दारापर्यंत आले. आता हसत नव्हते.

"एक सांगू का," म्हणाले. "तू मला चुकीचं वाजवलंस. मी काही उशिरा येत नाही. तू आत आलास की नाही ते ऐकतो, मग येतो. तू पक्का आलास की मी लगेच येतो. तू बिचकलास की मी थांबतो. बावीस वर्षं. एकट्याने वाजवताना मी कुणासाठी थांबेन?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आश्चर्यही वाटलं नाही तिला. आमच्या धंद्यातलं तिला फारसं कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

अरेंजरला सांगून टाकलं की एकट्याने येणार नाही. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, बरं, बघू. तो 'बघू' आम्हाला सगळ्यांना ओळखीचा आहे. त्याच्याकडे माझे तेवढे ट्रॅक आहेतच, चौघांच्या चार तऱ्हांचे. हवे तिथे कापून जोडता येतात, असं रेकॉर्डिस्ट एकदा सहज म्हणाला होता. तेव्हा मी कौतुकाने ऐकलं होतं.

घाईरावाकडे जाऊन आलो. दार उघडून त्याने मला पाहिलं आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून म्हणाला, माझी नक्कल तरी धड केलीस का? म्हटलं, तुमची सोपी होती. म्हणाला, तेच वाटलं होतं मला, आणि या खेपेला दार लावलं ते लावलंच. टाचणी फोन उचलत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज चौघं एका खोलीत होतो.

एक वयस्कर गायिका आहेत. त्यांनी अट घातली की मी गाताना वाजवणारे समोर बसलेले हवेत, थर चढवलेलं नको, एकदाच गाणार. मग अरेंजरला माणसं लागली. फोन मला आला. मी हो म्हणायच्या आधी तिघांना कळवलं, टाचणीला अण्णांच्या मार्फत.

टाचणी आली, अण्णांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे पाठ करून बसली. तिची जागाच पुढे आहे, म्हणजे पाठ असणारच, पण आज ती पाठ वेगळी होती. घाईरावाने पेटी उघडताना रेकॉर्डिस्टला विचारलं, आम्ही बसू का, की जागा भरलेल्या आहेत? रेकॉर्डिस्टने काचेपलीकडे मान खाली घातली. मी स्टँडवर कागद लावला. अण्णांना सोयीचा पडेल असा जरा त्यांच्या बाजूला कलता.

गाण्याच्या आधी आमच्या मागच्या स्टँडची, म्हणजे अण्णा आणि मी दोघांचीच, चार मात्रांची एक ओळ आहे. पुढची दोघं नंतर येतात, मग गायिका. हेडफोनमध्ये तालाची क्लिक सुरू झाली. एक, दोन, तीन, चार.

पहिली मात्रा रिकामी गेली. कुणीच आलं नाही.

हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला, काय झालं, पुन्हा घेऊ. पुन्हा क्लिक. मी गज तारेवर ठेवला होता, आणि हात मागून येण्यासाठी थांबून राहिला. गेले दोन महिने त्याला तेच शिकवलंय. शेजारी अण्णाही थांबलेले होते, मी येतो का ते ऐकत. पुन्हा पहिली मात्रा कोरी. घाईराव मागे वळून बघायला लागला. गायिकेने डोळे उघडले. टाचणी वळली नाही, पण तिचे खांदे ताठ झाले. तिला कळलं असणार. तिचा कानही काही कमी नाही.

माझे कान गरम झाले होते. मला माझ्या खुर्चीत बसून माझंच वाजवायचं होतं, आणि ते कसं असतं ते मला आठवेना.

अण्णांनी कागदावरची नजर हलवली नाही. गज उचलून तयार ठेवला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "तू आधी ये. चुकलास तरी ये. मी आहे मागे."

क्लिक पुन्हा सुरू झाली. मी आलो. वाईट आलो, सूर किंचित खाली लागला. अण्णा लगेच आले.